पंचनाम्याआधी बंद केलेले यंत्र

पोळ्याचा दुसरा दिवस: जबाबदार, कार्यालयप्रमुख. घटस्थापना: जबाबदार, तेच. दसऱ्यानंतरचा सोमवार: जबाबदार, तेच, आणि मी.

माझी मुलगी परभणीत, बियाणे दुकानदारांच्या मागण्या नोंदवणाऱ्या एका कंपनीत लिनक्सची यंत्रे सांभाळत असे. एकाच मोठ्या यंत्राचे आभासी भाग पाडलेले. त्यांपैकी एका भागात मागण्यांचा प्रोग्राम चाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने सगळा प्रोसेसर व्यापला आणि नोंदी थांबल्या. झरीहून एका दुकानदाराचा फोन आला.

"ताई, यंत्र झोपलं का?"

"झोपलं न्हाई काका, लय पळायलंय. जागच्या जागी."

जेवताना तिने मला समजावले, "बाबा, प्रोग्रामात काम वाटून घेणारे कैक थ्रेड असतात. एकानं कुलूप लावलं अन् सोडलंच न्हाई. बाकीचे 'उघडलं का, उघडलं का' करत गरगर फिरायलेत."

शेजारचे आभासी भाग प्रोसेसरचा वाटा पळवतात, अशी प्रमुखांची शंका होती. ती तिने आकडे दाखवून खोडली. प्रत्येक थ्रेड सुटा पाहायचा, कोण कुठल्या ओळीवर अडकला ते उतरवून घ्यायचे, त्यासाठी दहा मिनिटे द्या, एवढीच तिची विनंती. घटस्थापनेला यंत्र पुन्हा तसेच अडकले. प्रमुखांनी दोन्ही वेळा तिला बाजूला सारून यंत्र बंद केले आणि पुन्हा चालू केले. पुरावा पुसला गेला. घटस्थापनेला तर त्यांनी त्या भागाला आणखी प्रोसेसर दिले. फिरणाऱ्या थ्रेडांनी तेही खाल्ले. मी जन्मभर न्यायालयात कारकुनी केली. पंचनाम्याआधी प्रेत हलवणाऱ्यास आम्ही काय म्हणत असू, ते येथे लिहीत नाही.

सोमवारी प्रमुखांनी नोंदी थांबल्याचा खुलासा मागितला तिच्याकडे. तिने दोन पाने खरे लिहिले होते. मी म्हणालो, "एवढं कोण वाचतंय? दिलगिरी दे, प्रकरण निकाली निघतं." मसुदा मीच केला: 'माझ्या हातून घडलेल्या त्रुटीबद्दल'.

"बाबा, त्रुटी माझी न्हाई."

"साहेबाचं मन राखायला लिहायचं असतं, बाई."

माझ्या शब्दाखातर तिने सही केली. प्रमुखांनी तो कबुलीजबाब ठरवला, कार्यालयाच्या फलकावर लावला आणि तिला काढून टाकले. कबुलीने माणसे कशी बुडतात हे उभी हयात पाहूनही मी माझ्याच लेकीची कबुली सुवाच्य अक्षरात लिहिली. आता ती संगणक उघडत नाही. मी कागद घेऊन बसलो की उठून आत जाते.

माझा गुन्हा मी मान्य केला आहे. प्रमुखांनी त्याच फलकावर, स्वतःच्या सहीने, सर्वांना वाचता येईल असे उत्तर लावावे: ती दहा मिनिटे तुम्ही तिला का दिली नाहीत?