येळवशीला वरून आलेली सून

आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या नाकातून चहा आला होता. तेव्हापासून त्या माझ्याशेजारी बसत नाहीत.

तर, मी भित्री आहे. साधीसुधी नाही, नावाजलेली भित्री. गॅस बंद केलाय का, हे बघायला एसटी स्टँडवरून घरी परत आलेली बाई आहे मी. आमच्या लेकीला, मनूला, साधी शिंक आली तरी मी तिच्या छातीला कान लावते. थंडी पडली की तिच्या कानात कापसाचे बोळे. का? वारं लागतं म्हणून! लागतंच हो. तुमच्या आईनं नाही सांगितलं?

सगळं सुरू झालं गेल्या वर्षीच्या येळवशीला. आमच्या धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी राहते, आत पांडवांची पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर आंबील, आणि पोरांसाठी कडुलिंबाच्या झाडाला झोका. बाकीची पोरं आभाळाला पाय लावून येत होती. माझी मनू मात्र झोक्यावर बसून जमिनीवरच, कारण मी दोरी सोडेचना. संध्याकाळी परत येताना ती म्हणाली, "आई, तुला सगळ्याची भीती वाटते. मग मलापण वाटायला लागते."

बास, त्याच रात्री ठरवलं, ही भीती घालवायची.

भीती घालवायला दुसरी एखादी बाई पोहायला शिकली असती. मी विमानातून उडी मारायचं ठरवलं! आमच्या शेतापासून दोन-चार रानं सोडून धावपट्टी आहे. तिथं पॅराशूटचं शिबिर होतं. नवरा एवढंच म्हणाला, "आईला सांगणार असशील, तर मी घरी नसताना सांग."

शिकवायला राठोड सर. निवृत्त फौजी, आवाज असा की त्यांना माइकची गरजच नाही. पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला पट्ट्यांना बांधून नुसतं लटकवलं.

"छत्री आपोआप उघडती. तिला अक्कल हाय. तुम्हाला उतरायची अक्कल पाहिजे! डावी दोरी ओढली की डावीकडं, उजवी ओढली की उजवीकडं. दोन्ही वर सोडल्या की सरळ. जमीन आली की दोन्ही खाली, मग छत्री थबकती. उतरताना तोंड वाऱ्याकडं. जमिनीजवळ वळायचं न्हाय म्हंजे न्हाय. आन् विहिरीकडं बघत बसाल तर विहिरीतच जाल. मोकळ्या रानाकडं बघा!"

"सर, आणि काही सुचेनासं झालं तर?"

"हेल्मेटात रेडिओ हाय. मी खालनं बोलनार, तुम्ही ऐकायचं. उलटं बोलायची सोय न्हाय."

"आणि रेडिओ बंद पडला तर?"

"मी नारंगी जाकीट घालून खाली उभा असतो. ज्या अंगाला हात करीन त्या अंगाला वळा. दोन्ही हात वर केले तर सरळ या. दोन्ही खाली टाकले तर दोन्ही दोऱ्या खाली."

"आणि..."

"मॅडम, चहाची सुट्टी."

माझी एकटीची पहिली उडी नेमकी कधी आली? यंदाच्या येळवशीला! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना म्हटलं, "उद्या प्रशिक्षण आहे." शिक्षिकेनं प्रशिक्षण म्हटलं की कसलं, म्हणून जगात कुणी विचारत नाही.

"येळवशीला? कुठल्या मेल्यानं ठेवलं गं?"

"वरून आदेश आलाय."

"आदेश गेला खड्ड्यात. निवद दाखवायच्या आत रानात यायचं. सून नसताना मी पंगत बसवनार न्हाय, सगळी उपाशी राहत्याल."

म्हणजे बघा, नीट उतरायचं, सरांकडून पुढच्या उडीची परवानगी मिळवायची, छत्री गुंडाळायची, साडी नेसायची आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं रानात हजर व्हायचं.

त्या सकाळी थंडी मी म्हणत होती. सरांनी रेडिओ तपासला, खणखणीत ऐकू आला. मग मी थोडी तयारी केली, हेल्मेट घातलं आणि विमानात बसले. उडी कशी मारली ते विचारू नका, मला आठवत नाही. सोबतचा प्रशिक्षक सांगतो की मी दाराला नमस्कार केला होता.

फडाड करून छत्री उघडली आणि मी डोळे उघडले. आहाहा! खाली हरभरा, ज्वारी, रानोरानी कोपी, चुलींचा धूर. आणि शांतता! इतकी शांतता की माझ्या लक्षात आलं, अरे, सर बोलत का नाहीत? दूर कुठंतरी मडक्यात भुंगा अडकल्यासारखं गुणगुण ऐकू येत होतं, बस्स.

रेडिओ गेला! माझ्याच नशिबी!

घाबरले का? घाबरलेच. पण शिकवलेलं आठवलं. नारंगी शोधा! शोधलं, आणि दिसलं. धावपट्टीवर नाही, पलीकडच्या रानात. म्हटलं, सरांनी जागा बदलली असेल. फौजी माणूस, विचार करूनच बदलली असणार.

त्यांनी उजवीकडं हात टाकला. मी उजवीकडं वळले. परत उजवीकडं. वळले. परत उजवीकडं! बाई गं, किती वळवतो हा माणूस! मी त्या रानावर घारीसारखी घिरट्या घालायला लागले. आज्ञाधारक म्हणून शाळेत मला बक्षीस होतं, उगाच नाही.

मग त्यांनी वर बघितलं आणि दोन्ही हात वर केले. सरळ! चुलीच्या धुरावरून वाऱ्याकडं तोंड केलं, मोकळ्या हरभऱ्यावर नजर ठेवली आणि सरळ निघाले. जमीन वर यायला लागली. आणि अगदी वेळेवर त्यांनी दोन्ही हात खाली टाकले. नुसते हातच नाही, अख्खे सर जमिनीवर आडवे झाले! मनात आलं, काय तळमळीनं शिकवतो हा माणूस.

दोन्ही दोऱ्या खाली ओढल्या. छत्री थबकली. धप्प! पाय जुळलेले, गुडघे वाकलेले, आणि मी हरभऱ्यात. छत्री हळूच समोरच्या कोपीवर जाऊन पसरली.

छत्रीखालून पळी घेतलेली एक बाई बाहेर आली. ओळखीची बाई. ओळखीची पळी.

आत्याबाई!

आणि आडवे पडलेले सर? उठून फेटा झटकत होते. नारंगी, नवाकोरा, मी स्वतःच दिवाळीला आणलेला फेटा. आमचे मामंजी! नवरा तव्यावरच्या भाकरीकडं असा बघत होता, जणू ती पहिल्यांदाच बघतोय.

आत्याबाईंचं तोंड हलत होतं. मला काहीच ऐकू येईना. मी हेल्मेट काढलं. तरीही नाही! त्या जवळ आल्या, माझी हनुवटी धरली, आणि माझ्या कानांतून काहीतरी ओढून काढलं.

एकदम जगाला आवाज आला. हेल्मेटातून राठोड सर, घसा पार बसलेला: "मॅडम, डावीकडं! डावीकडं म्हंतोय! अवो, कुणाच्या रानात चाललाय?"

मनू म्हणाली, "आई, टोपीत एक काका ओरडतायत."

थोड्याच वेळात काका मोटारसायकलवर आले. "मॅडम, सांगतोय काय, करताय काय? कुणाच्या खुणा बघत हुता?"

मी मामंजींकडं बोट केलं.

"म्या?" मामंजी म्हणाले. "म्या कशाला खुणा करू? म्या आंबील शिंपडत रानाला फेरा घालत हुतो. वर बघतो तर ही! हात वर केलं, पांडवाचं नाव घेतलं आन् आडवा झालो."

"आन् रेडिओ?"

आत्याबाईंनी मूठ उघडली. तळहातावर कापसाचे दोन बोळे.

"वर वारं असतं ना, सर," मी म्हटलं.

सर डोक्याला हात लावून बांधावर बसले. आत्याबाईंनी त्यांच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला आणि माझ्याकडं वळल्या. "असलं ट्रेनिंग व्हय गं?"

"आत्याबाई, ते वरून..."

"वरून आलीस ते दिसलं मला. हात धू, पांडवाच्या पाया पड, ताटं वाढ. वेळेवर आलीस म्हणून वाचलीस."

सरांना जेवल्याशिवाय कोण सोडतंय? दुसऱ्या वाढीच्या भज्जीला ते विरघळले. "उतरल्या मात्र झकास. पुढची उडी देतो. पन कान तपासून!"

जेवणं झाली आणि मनूनं माझा हात धरून लिंबाखाली नेलं. झोक्यावर बसली. "आई, आज सोडशील?"

मी विमानातून उडी मारलेली बाई! दोरी सोडली, अंगातलं बळ लावून झोका दिला. मनू वर गेली, खिदळली, आणखी वर गेली. माझा हात दोरीकडं गेला, पण म्हटलं, ठीक आहे, एवढं ठीक आहे. आता नवरा झोका द्यायला लागला. आता मात्र लई झालं!

"मनू, बास! घट्ट धर! मनूऽऽ!"

छे! लेक मजेत वर चाललेली. माझ्याकडं बघून हात हलवला, वर आणखी जोर लावला.

"ऐकत का नाही ही?" मी रडकुंडीला आले.

राठोड सर तांब्या खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "मॅडम, झोक्यावर बसवायच्या आधी तिच्या कानात काय घातलं तुम्ही?"