चार नंबरची बाटली

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. ऑफिसातले लोक तेच जरा सभ्यपणे म्हणतात. कुणाच्या घरी पानात काही बिघडलेलं पडलं की 'वेगळं झालंय हं' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणत नाही. एका वास्तुशांतीला मी यजमानीणबाईंना श्रीखंड खवट लागतंय असं तोंडावर सांगितलं होतं. नंतर चारोळी जुनी निघाली, म्हणजे मी बरोबर होते. पण त्या घरातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

याच जिभेसाठी माझ्या मित्राने मला त्या रविवारी घरी बोलावलं. आम्ही नऊ वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काम करतो. तो मुठा गावचा. गेलं वर्षभर दर शनिवार-रविवारी तो बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात फुकट राबत होता, आणि तिथल्या मालकाने अखेर त्याला एक घाणा स्वतःच्या हाताने काढू दिला होता. आता घरी पाच बाटल्या मांडायच्या, चार विकतच्या आणि एक त्याची, सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आम्ही चाखून सांगायचं. त्याची पसंत पडली तर सोमवारी नोकरीचा राजीनामा, मग बिअरचाच धंदा.

"बाकीचे सगळ्यालाच वेगळी आहे, वेगळी आहे करत बसतील," तो म्हणाला. "तू 'पुन्हा घेईन' म्हणालीस तरच मी मानणार."

दुसऱ्याच्या पोटापाण्याचा निकाल माझ्या जिभेवर कशाला, असं मी त्याला फटकारलं. पण मनातून थोडी फुगलेही होते, हे कबूल करते.

माण गावाहून मी आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून गेले. तो माणचाच, ऑफिसात सगळे त्याला माणकर म्हणतात. शेती गेली, तिथे तीन मजले उभे राहिले, आणि खोल्या भाड्याने देऊन वर तो आमच्याबरोबर नोकरीही करतो. मी त्याचीच भाडेकरू. मागच्या सीटवर अकोल्याचा आमचा तिसरा सहकारी होता, तो अकोलेकर. इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घाट उतरेपर्यंत त्याने दोनदा विचारलं, आपल्याला आवडली नाही तर काय म्हणायचं?

पोचल्या पोचल्या मित्राच्या बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. ती घोटावड्याची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. उकडलेली अंडी सोलत होती, आणि सालाबरोबर पांढरा भागही निघून येत होता.

"ताई, एक मागू?"

"माग की."

"त्येंची बाटली कितीबी चांगली निघाली तरी तुमी न्हाई म्हना. तुमचंच ऐकत्यात ते."

मी हसले. ती हसली नाही.

"माज्या बापानं पिऊन पिऊन घर धुऊन काढलं," ती म्हणाली. "आई कंपनीत कामाला लागली तवा कुटं रोज चूल पेटली. लग्न करताना मी एकच बगितलं व्हतं, मानूस पीत न्हाई ना. आता तोच बनवनार. उद्या माज्या पोरीला दारूवाल्याची पोरगी म्हनत्याल, ते मला न्हाई चालायचं."

बिअर म्हणजे काही दारू नव्हे, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. आतल्या खोलीत त्यांची दोन वर्षांची मुलगी झोपली होती, आणि ही तिच्याकडे बघत डोळे पुसत होती. जन्मात मी कुणासाठी चव खोटी सांगितली नव्हती. तरी हो म्हणाले.

"पण त्याची कुठली ते मला कळणार कसं?"

"तांदळाची हाय म्हनत व्हते. तुमाला वासानंच कळंल."

हे खरं होतं. आपल्या वावरातल्या आंबेमोहोराची बिअर करणार, हे त्याने ऑफिसात महिनोन् महिने ऐकवून आमचे कान किटवले होते. म्हणजे काम सोपं होतं. भाताचा वास आला की तोंड वाकडं करायचं.

बाहेर चटईवर चहाचे छोटे काचेचे ग्लास मांडले होते. मित्र वही-पेन घेऊन बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. मुलगी झोपली होती म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होतो, आणि त्यामुळे आणखीच अवघडल्यासारखं होत होतं.

एक नंबर कडू होती. "लई कडू हाय राव, कारलं पिळल्यागत," माणकर म्हणाला. "वेगळी आहे," अकोलेकर म्हणाला. मी म्हणाले, कडू आहे पण स्वच्छ आहे, पुन्हा मात्र घेणार नाही.

दोन नंबर काळपट होती. हिच्यात भात शोधण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी निर्धास्तपणे घोट घेतला. तव्यावर भाकरीची कड जरा जास्त भाजली की जो वास सुटतो, तो वास होता. गोडसर, पण चिकट नाही. मी आपणहून ग्लास पुन्हा पुढे केला. "ही चांगली आहे. ही मी पुन्हा घेईन." मित्राने मान खाली घालून लिहून घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, उकडतंय.

तीन नंबरला तिघांनीही नाक मुरडलं, अकोलेकरनेसुद्धा.

चार नंबरचा ग्लास मी तोंडाशी नेला. कुकरचं झाकण काढल्यावर येतो तसा मऊ, गोड वास. हीच. आणि चवीला ती चांगली होती, म्हणजे अगदी सरळ चांगली होती. वाईट असती तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. तेवढ्यात अंड्यांची ताटली घेऊन ती दारात येऊन उभी राहिली. मित्र माझ्याकडे बघत होता. ती माझ्याकडे बघत होती.

"वेगळी आहे," मी म्हणाले.

तिघांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

"वेगळी म्हणजे?" मित्राने विचारलं.

"म्हणजे वेगळी. मला नको."

मी ग्लास दूर सरकवला. तिने ताटली खाली ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पाच नंबरची चव कशी होती, मला आजही सांगता येणार नाही.

मग मित्राने कागद सोडवायला घेतले, आणि सुरुवात चार नंबरपासून केली. बाटलीवर छापील लेबल होतं. गव्हाची, दुकानातली. मला क्षणभर काही समजेना. मग त्याने दोन नंबर सोडवली. तिच्यावर काहीच नव्हतं.

"ही माझी," तो म्हणाला.

तांदळाची आंबून गेली होती, ती त्याने ओतून दिली होती आणि लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं. मग नाचणी घेतली. धान्याला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, हे त्या कारखान्यात शिकवलं तेव्हा त्याला हसूच आलं म्हणे. तो बायकोकडे वळला. "अगं, ही तर तुझीच कृती. पोरीच्या सत्त्वाला तू करतेस तीच. आत्याला तू भाजलेली तीन किलो दिली म्हणालो होतो ना, ती नाचणी ह्यात आहे. तुझ्याच हातची आहे ही."

आपण बायकोला काहीतरी भेट देतोय, असाच त्याचा चेहरा होता.

तिने माझा दोन नंबरचा उष्टा ग्लास उचलला. तळाशी घोटभर उरलं होतं. तिने वास घेतला, आणि तो तिला लगेच ओळखू आला हे आम्हा सगळ्यांना दिसलं. दर महिन्याला त्या घरात तोच वास भरून राहत असणार. तिने ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे एकदाच पाहिलं, स्वयंपाकघरातून सत्त्वाचा डबा उचलला आणि तो घेऊन मुलगी झोपली होती त्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

"लाजली," मित्र म्हणाला.

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण बोलणार काय? बोलले असते तर तिने माझ्याकडे काय मागितलं होतं तेही बाहेर आलं असतं. मी अंडं खाल्लं.

परतताना पिरंगुट मागे पडलं. मग गाडी चालवता चालवता माणकर म्हणाला, "म्याडम, चार नंबरला काय झालं व्हतं वो? मला तर तीच ग्वाड लागली."

"मलाही," मी म्हणाले.

सोमवारी अकराच्या आत मित्राने राजीनाम्याची मेल पाठवली. माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या शब्दावर." जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन त्याच्या बायकोला फोन लावला. तिने दुसऱ्या वेळी उचलला.

"मी मुद्दाम नाही केलं गं," मी म्हणाले. "मला चार नंबर त्याची वाटली. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, पण भलत्याच बाटलीवर."

पलीकडे वाटीत चमचा वाजत होता. ती मुलीला भरवत होती.

"म्हंजी दोन नंबरला तुमी खरं बोलला?"

"हो."

"चांगली व्हती?"

आता तरी खोटं बोलता आलं असतं. या वेळी बाटली बरोबर होती. पण त्याचा उपयोग संपला होता, आणि माझी जीभही मला ठाऊक होती.

"चांगली होती गं."

"माज्या बापालाबी लई चांगली लागायची, ताई," ती म्हणाली, आणि पोरीचं सत्त्व गार होतंय म्हणून तिने फोन ठेवला.