"दादा, तू पन वारली नाय ना?"

मित्रांनो, आज पालघरजवळच्या एका शाळेत गेलो होतो. खरं तर कॉलेजातल्या एका जुन्या मैत्रिणीला बघायला. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, ती तिथे शिक्षिका झाली.

सातवीला वेठबिगारीचा धडा शिकवत होती. जमीनदार वारल्यांना बैलाच्या जागी नांगराला जुंपायचे. एक पोरगी पटकन बोलली, "मॅडम, मी वारली नाय."

वर्ग हसला; ती वारलीच, हे सगळ्यांना ठाऊक. मॅडमने मला दारातून आत बोलावलं. "हा वारलीच आहे. तुझ्या लोकांनी वेठ कशी बंद पाडली, सांग यांना."

आमच्या घरी फक्त खाल्लेला मार सांगतात. वेठ कशी बंद पडली, मलाच माहीत नव्हतं; मी परत दाराकडे वळलो.

ती पोरगी म्हणाली, "दादा, तू पन वारली नाय ना?"

एरवी कोणी वारली असणं नाकारलं की मी लगेच तापतो. आज तिचा राग येत नाहीये, तिला सांगण्यासारखं माझ्याकडेच काही नव्हतं. तुमच्या आजोबांनी वेठ कशी मोडली, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? इथे लिहा. उद्या त्या पोरीला सांगायचंय.