पाहुण्यांना नदी दाखवण्याची पद्धत

आमच्या बदलापुरात पाहुण्याला आधी नदी दाखवायची आणि मग घरी न्यायचं, अशी पद्धत होती. ती कुणी पाडली देव जाणे, पण आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बापमाणसांच्या ती अंगात भिनली होती. मुंबईचा पाहुणा स्टेशनवर उतरला की पहिलं वाक्य टाकायचा, "बरंच लांब आहे हो तुमचं." आणि टांग्यात बसता बसता दुसरं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" या दुसऱ्या वाक्यावर आमच्याकडे एकच उत्तर होतं, उल्हास नदी. म्हणून टांगा घराकडे न वळता सरळ घाटाकडे जायचा. पाहुण्याला लघवीला लागली असेल, भूक लागली असेल, ते सगळं नंतर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुंबईतली खोली सोडून बदलापूर पश्चिमेला तीन मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आलो होतो. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यांना ते सोयीचं होतं. बिल्डरने फ्लॅट विकताना नदी दिसते असं सांगितलं होतं आणि तो खोटं बोलला नव्हता. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीवर चढलं की दिसायची. घरातल्या नळाला मात्र पाणी एक दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने. नदी हाकेच्या अंतरावर आणि आम्ही हंडे-कळश्या घेऊन रांगेत. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. "आपलं पाणी पार कल्याणच्या पुढे जातं," असं ते छाती काढून सांगायचे. आई म्हणायची, "हो ना, म्हणूनच त्याला घरी यायला वेळ नसतो."

बाबांचा घाटावरचा कार्यक्रम ठरलेला होता. आधी बांध दाखवायचा, मग पलीकडची शेतं, मग जांभळाची झाडं. मग पायरीवर उकिडवं बसून ओंजळभर पाणी प्यायचं. पाहुणे एक पायरी मागे सरकायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, "अंबरनाथ-उल्हासनगरच्या नदीत हात घालून दाखवा. आज लाल, उद्या निळी. मी तिथे नोकरी करतो, मला विचारा. आणि हे बघा, पाण्याच्या रंगाचं पाणी." नदीची स्तुती करायची तर याहून जास्त काय बोलणार? शेवटी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा आणि सगळ्यांना घ्यायला लावायचा. पाहुणे निमूटपणे घ्यायचे. लग्नाच्या बोलणीला आलेली माणसं काही मागितलं की नाही म्हणत नाहीत.

हो, हे पाहुणे बहुतेक ताईच्या लग्नासाठी आलेले असायचे. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या शाळेत शिक्षिका होती, दिसायला चांगली, बोलायला त्याहून चांगली, आणि तरी तिचं जमत नव्हतं. आमच्या समाजात मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, पण मुलगी बघायला येणारे तेच राहिले. पोहे खायचे, जयभीम करून जायचे आणि निरोप पाठवायचे, मुलगी पसंत आहे पण फार लांब पडतं. जणू मुलाने रोज सासुरवाडीला जेवायला यायचं होतं! आई खचत चालली होती. नातेवाईक "अजून नाही का?" विचारायला लागले होते, आणि ते विचारताना बायका ताईकडे वरपासून खालपर्यंत बघायच्या, त्याचा मला फार संताप यायचा. शाळेजवळच्या ज्या सिंधी दुकानातून ताई दर वेळी नव्या कपबश्या आणायची, तो शेटही विचारायचा, "टीचर, फिर मेहमान आ रहे हैं क्या?" ताई हसून हो म्हणायची. घरी आल्यावर हसायची नाही.

बाबांना वाटायचं, नदी नीट दाखवली गेली नाही म्हणून जमत नाही. त्यांनी चंगच बांधला. आणि मग ते घाटकोपरचे पाहुणे आले. मुलगा बँकेत, वडील निवृत्त, आई ठसकेबाज. बाबांनी त्यांना घाटावर इतका वेळ बसवलं की घरी आम्ही पोहे दोनदा गरम केले आणि तिसऱ्यांदा नवे केले. ताई साडी नेसून खुर्चीत बसली ती बसलीच. आले तेव्हा मुलाच्या आईच्या साडीचा काठ ओला होता. म्हणजे बाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. "काय हवा आहे हो तुमच्याकडे," त्या दारातूनच म्हणाल्या. "आमच्याकडे खिडकी उघडली की समोरच्याची मोरी."

मुलगा साधा होता. त्याने ताईला विचारलं, काय शिकवता. ताई म्हणाली, गणित. तो म्हणाला, "मग तुम्ही उशिरा भेटलात, मी गणितात दोनदा गचकलोय." बँकेतला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर ताई खळखळून हसली. पाहुण्यांसमोर ती आजवर कधी हसली नव्हती. आई स्वयंपाकघरात पदराने डोळे टिपत होती आणि मी तिला "अगं, अजून काही झालं नाही" म्हणत होते, पण माझंही काळीज उड्या मारत होतं. ते गेल्यावर ताईने मला हळूच विचारलं, "तुला कसा वाटला?" असं तिने याआधी कुणाबद्दल विचारलं नव्हतं.

बाबा तर हवेत होते. मुलाच्या वडिलांनी घाटावर फ्लॅटचे भाव विचारले, शाळा विचारली, बाजार विचारला. बाबांनी सगळं सांगितलं. एवढंच नाही, "आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक रिकामा आहे" म्हणून जाताना शेजाऱ्याकडून किल्ली मागून तो उघडून दाखवला, आणि वर गच्चीवर नेऊन त्या निवृत्त माणसाला टाकीवरही चढवलं. आई म्हणाली, "मुलगी दाखवायची होती की बिल्डिंग?" बाबा म्हणाले, "अगं, माणसं खूश झाली. तुला कळत नाही."

दोन-तीन आठवडे निरोप नाही. मग एका रविवारी मुलाचे वडील एकटेच आले, हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. आईने तो बॉक्स पाहिला आणि तिचं भानच सुटलं. ते बसायच्या आत तिने तो त्यांच्या हातातून घेतला, दोरी तोडली, पहिला पेढा काढला आणि आतून ताईला ओढत आणून तिच्या तोंडात कोंबला. "मोठ्यांच्या पाया पड," म्हणाली. ताई वाकलीसुद्धा.

गृहस्थ चांगलेच गडबडले. "नाही, म्हणजे, काय झालं," ते म्हणाले, "आम्ही तो वरचा फ्लॅट घेतला. तुमच्यामुळेच जमलं, म्हणून म्हटलं आधी तुमचं तोंड गोड करावं."

आई म्हणाली, "आणि मुलीचं?"

त्यांनी चष्मा पुसला. मग सांगितलं की मुलगी सोन्यासारखी आहे, त्यात वादच नाही. पण घरच्यांचं म्हणणं पडलं की एकाच जिन्यावर सासर आणि माहेर नको. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुलगी खाली जाऊन सांगणार. "फार जवळ होतं हो," ते म्हणाले. खरंच वाईट वाटून म्हणाले, म्हणून मला जास्त राग आला. इतकी वर्षं लांब होतो, आता जवळ झालो. आम्ही होतो तिथेच होतो.

ताईच्या तोंडात पेढा तसाच होता. ती तो थुंकली नाही. सावकाश चावला, गिळला, आणि म्हणाली, "अभिनंदन काका. पाणी एक दिवसाआड येतं, मोठं पिंप घेऊन ठेवा." आणि आत जाऊन कपबश्या धुवायला लागली.

बाबा गृहस्थांना फाटकापर्यंत सोडून आले. मग आत येऊन म्हणाले, "बाळा, मी त्यांना नदी दाखवायलाच नको होती." ताई पाठमोरीच म्हणाली, "दाखवा की. पण माणसं मला बघायला येतात बाबा. तुम्ही त्यांना माझ्यापर्यंत येऊच देत नाही." आमच्या घरात बाबांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. ते चपला घालून बाहेर गेले.

पुढचे पाहुणे अंबरनाथ पश्चिमेचे होते, एका स्टेशनावरचे. ना लांब, ना जवळ. मुलगा बाबांसारखाच कारखान्यात. बाबांनी टांगा सरळ घरी आणला आणि पूर्ण वेळ सतरंजीवर गप्प बसून राहिले. त्यांच्या तोंडून नदीचा 'न'सुद्धा निघाला नाही. ताई बोलली, मुलगा बोलला, पोहे गरम होते. चार दिवसांत होकार आला.

आता तिसऱ्या मजल्यावरचं सांगते. नवीन बदलापूरकर जुन्यापेक्षा कडवा असतो. वरचे काका राहायला आल्यापासून नदी दाखवायचं खातं त्यांनी आपणहून उचललं होतं. दूधवाल्यालासुद्धा हवेबद्दल सांगायचे. त्यांच्या मुलाचं लग्न झालं, सून आली. ती जिन्यात भेटली की ताईशी चांगलं बोलायची, त्यात तिचा काय दोष?

ताईचं लग्न बिल्डिंगच्या आवारात होतं. मांडव घातला, ताई पांढऱ्या साडीत तयार झाली, लग्न लावणारे गुरुजी बसले, आणि वऱ्हाडच नाही. नवराही नाही. वऱ्हाडाची बस आलेली सगळ्यांनी पाहिली होती. ताईचा चेहरा उतरत गेला. मांडवातल्या बायका कुजबुजायला लागल्या, आणि त्या कुजबुजीत "पुन्हा?" हा शब्द मी स्वतः ऐकला. मग कुणीतरी सांगितलं, वरचे काका सगळ्यांना घाटावर घेऊन गेलेत.  बाबा तडक निघाले, मी मागे धावले.

घाटावर सगळं वऱ्हाड पायऱ्यांवर पसरलं होतं. नवरदेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा. काका बांधाकडे हात करून समजावत होते. बाबांना पाहून म्हणाले, "या, या. पाचच मिनिटं हो. यांच्याकडची नदी तुम्हाला माहीतच आहे, जरा चांगलं पाणी बघू देत."

बाबांनी पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझी मुलगी मांडवात वाट बघतेय," ते म्हणाले. "एकदा ती तुमच्यासाठी अशीच बसली होती."

काकांचा हात बांधाकडे होता तो खाली आला. वऱ्हाडात कुणाला काही कळलं नाही. नवरदेव पाण्यातून बाहेर आला, चपला हातात घेतल्या आणि ओल्या पायांनी सगळ्यांच्या पुढे चालायला लागला.