डार्लिनचा पासपोर्ट

हे मी निखिलला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, इथल्या मराठी मंडळातल्या एकाही मैत्रिणीला नाही. सात वर्षं झाली. मध्ये काही महिने मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. त्यांच्यापुढे सगळं काढलं — माहेर, सासर, नोकरी, रडणं — पण हे तिथंही गिळलंच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघते.

डार्लिन आमची शेजारीण. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही टाउनहाउसमध्ये राहायचो, तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एका शाळेच्या कँटीनमध्ये जन्मभर काम करून रिटायर झालेली. उंच, हाडापेरानं दणकट, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय. माझा नवरा निखिल त्या काळात डॅलसच्या प्रोजेक्टवर होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. घरात मी आणि सहा वर्षांची रेवा.

आई नागपूरहून येऊन सहा महिने राहिली होती. ती परत गेली, त्याच आठवड्यात डार्लिन दारात आली आणि म्हणाली, शाळेच्या बसवरून मुलीला मी घेत जाऊ का? मी विचारलं नव्हतं. मला विचारायची लाज वाटत होती. तेव्हापासून रोज दुपारी रेवा तिच्याकडे. मी साडेसहाला पोचायचे तेव्हा होमवर्क झालेलं असायचं, विस्कटलेली वेणी पुन्हा घातलेली असायची. वेणी घालायला ती आईकडून शिकली होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

डार्लिननं आयुष्यात पासपोर्ट काढला नव्हता. विमानात दोनदा बसली होती, दोन्ही वेळा फ्लोरिडा. यात विशेष काही नव्हतं. माझ्या टीममध्येही असे कितीतरी होते. माझ्या मॅनेजरचा पासपोर्ट हनिमूननंतर कधीतरी एक्स्पायर झाला, ते त्याला काही वर्षांनी ड्रॉवर साफ करताना कळलं. डार्लिनचा एक भाऊ होता, ‘रे’ नावाचा. तो म्हणायचा, समुद्र इथं आहे, डोंगर इथं आहेत, वाळवंट इथं आहे, मग जायचंय कुठं? आम्हाला याची केवढी गंमत वाटायची. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी विषय काढायचंच — "यार, यांना ओहायोच्या पलीकडे जग आहे हेच माहीत नाही" — आणि आम्ही हसायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

का हसायचे मी? आमच्यासाठी पासपोर्ट म्हणजे फाइल घेऊन रांगेत उभं राहणं. व्हिसाचं स्टँपिंग, अपॉइंटमेंट, काचेमागच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसणं. त्यांच्याकडे तो नव्हता आणि त्यांचं काही म्हणता काही अडत नव्हतं. हसण्याच्या खाली ते होतं. हे मला तेव्हा कळत होतं का? थोडंफार कळत असणार.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी सिटिझन झाले. चौदा वर्षांनी. शपथेच्या दिवशी निखिलला रजा मिळाली नाही. माझ्याबरोबर डार्लिन आली, चर्चला घालायचा निळा ड्रेस घालून, आणि हॉलमध्ये शेवटच्या रांगेत उभी राहून तिनं इतके फोटो काढले की शेजारच्या बाईनं तिला खाली बसायला सांगितलं. पुढे माझा पासपोर्ट घरी आला तेव्हा तिनं तो हातात घेऊन सगळी पानं उलटली. कोरीच होती. तरी एकेक बघितलं.

म्हणाली, "जीन मला कधीची बोलावतेय."

जीन म्हणजे तिची सात वर्षांनी मोठी बहीण. तरुणपणीच एका स्कॉटिश माणसाशी लग्न करून तिकडे गेलेली. दर तीन-चार वर्षांनी तीच यायची. आता तिच्या फुप्फुसांनी दगा दिला होता, डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. तू ये, एकदा ये, तीन महिने राहा, असं ती दर फोनवर म्हणत होती. डार्लिनला धीर होत नव्हता. फॉर्म बघूनच तिचं डोकं दुखायचं. म्हटलं, अगं, कागदपत्रांत माझा हात कोण धरणार? शनिवारी रेवाला घेऊन आम्ही तिघी गेलो, औषधांच्या दुकानात (इथं पासपोर्टचे फोटो तिथंच निघतात) फोटो काढला, मग पोस्ट ऑफिसात अर्ज दिला. परतताना आइस्क्रीम खाल्लं. डार्लिन सप्टेंबरमध्ये निघणार होती.

इथपर्यंत मी चांगली बाई आहे. इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर. मी आइस्क्रीम खातानाच मनात महिने मोजले होते. ऑक्टोबरमध्ये आमच्या सिस्टिमचं गो-लाइव्ह होतं, म्हणजे ती प्रत्यक्ष सुरू व्हायची होती, दोन वर्षांचं काम, आणि ते नीट पार पडलं तर मला टीमची लीड करणार होते. शाळेनंतर मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रोग्रॅमची वेटिंग लिस्ट लांबलचक. आईचा पुन्हा येण्याचा बेत पुढच्या उन्हाळ्याचा. निखिलला म्हटलं तर तो म्हणाला, "काहीतरी कर ना, तू करतेसच." मी डार्लिनला यातलं एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर ती थांबली असती का? एखादेवेळी महिनाभर पुढे ढकललं असतं. पण मला तिच्याकडून ते उपकार म्हणून नको होतं. मला वाटत होतं, काहीतरी आपोआप व्हावं.

जुलैत पासपोर्ट ऑफिसचं एक पत्र आलं. ती ते घेऊन स्वयंपाकघराच्या दारानं आत आली. मी भेंडी चिरत होते.

"नाही म्हणतायत," ती म्हणाली. "तू बघ. तुला यातलं कळतं."

मी हात पुसून वाचलं. नाही म्हटलेलंच नव्हतं. डार्लिनचा जन्म वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, राहत्या घरी, सुईणीच्या हातचा. जन्माची नोंद व्हायला चार वर्षं लागली होती. पत्रात एवढंच होतं, की नोंद उशिराची असल्यानं फक्त तिच्यावर पासपोर्ट देता येत नाही, जोडीला लहानपणचा आणखी पुरावा पाठवा. चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला चालेल, शाळेची नोंद चालेल. किंवा जन्माची स्वतःला माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. मुदत नव्वद दिवस.

वडीलधारी नातेवाईक. जीन. जी तिला बोलावत होती, जी जन्माच्या वेळी सात वर्षांची होती आणि शेजाऱ्यांकडे सुईणीला आणायला धावली होती. ही गोष्ट डार्लिननं रेवाला माझ्यादेखत चारदा सांगितलेली. जीनच्या सहीचा एक कागद, आणि ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथं एक फोन — ते चर्चही अजून उभं होतं. माझ्यासाठी हे एका दुपारचं काम होतं. याहून कितीतरी अवघड पत्रांना मी उत्तरं दिली होती.

मी म्हणाले, "ठेव माझ्याकडे. मी बघते."

आणि पत्र माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला करायचंच होतं. की नव्हतं? आता मला ते निश्चित सांगता येत नाही. एक आठवडा गेला. रोज ती रेवाला माझ्या हवाली करायची आणि काही विचारायची नाही. तिचं न विचारणं मला सोपं जात होतं. दहाव्या दिवशी तिनं विचारलं, काही कळलं का गं?

आणि मी म्हणाले, "फोन केला होता. हॉस्पिटलचा रेकॉर्डच लागतो म्हणतात. तुझा जन्म घरी झालाय. काही करता येत नाही, डार्लिन. मी खूप प्रयत्न केला."

मी कोणालाही फोन केला नव्हता.

हे झालं सांगून. पण अजून एक आहे, आणि ते सांगायला मला जास्त जड जातंय. नोकरीपायी, पोरीपायी केलं, एवढंच असतं तर मी कदाचित केव्हाच कोणाला तरी सांगितलं असतं. ते पत्र वाचताना मला बरं वाटलं होतं. क्षणभर, पण वाटलं. जन्मानं अमेरिकन असलेल्या बाईला तिचंच सरकार विचारत होतं, तू कोण, तुझा पुरावा काय? मला चौदा वर्षं विचारत होते. म्हटलं, बघू दे यांनाही कसं वाटतं. ज्या बाईनं माझ्या मुलीच्या वेण्या घातल्या, माझ्या शपथेला जी उभी राहिली, तिच्याबद्दल माझ्या मनात हे आलं.

डार्लिन खुर्चीवर बसली. माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, "म्हणजे मी इथं जन्मले हे त्यांना पटत नाही." थोडं हसली. मग म्हणाली, "असू दे, हनी. निदान तुझी रेवाची काळजी मिटली."

तिनं जीनला फोनवर काय सांगितलं ते भिंतीतून ऐकू आलं नाही. मी टीव्ही लावला होता.

नव्वद दिवस भरले ती तारीख मला पाठ होती. त्या दिवशी मी पत्र ऑफिसच्या कागद कातरणाऱ्या श्रेडरमध्ये घातलं. गो-लाइव्ह चांगलं झालं. मला लीड केलं. डार्लिननं केक केला.

फेब्रुवारीत जीन गेली. अंत्यविधी ऑनलाइन दाखवणार होते आणि डार्लिनचं इंटरनेट धड चालायचं नाही, म्हणून तो आमच्या डायनिंग टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर बघायचं ठरलं. ती सकाळी नऊला आली. तोच निळा ड्रेस, पायात बूट, हातात पर्स. आपल्याच शेजारच्या घरात येताना पर्स. मी चहा केला. शाळेला बर्फाची सुट्टी होती, रेवा तिला चिकटून बसली. पडद्यावर एक छोटं दगडी चर्च, ओलं गवत, छत्र्या, दहा-बारा माणसं. डार्लिन रडली नाही. सगळं संपून पडदा काळा झाल्यावर म्हणाली, "तर असं दिसतं होय तिकडे."

रेवानं माझ्याकडे बघून विचारलं, "मॉम, व्हाय आर यू क्राइंग?"

डार्लिन उठली, तिनं मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला ते करू दिलं.

दोन वर्षांनी आम्ही मोठं घर घेतलं, आणि थोड्याच दिवसांत डार्लिन केंटकीला भाचीकडे राहायला गेली. तिचं सामान भरायला मी गेले होते. सांगायचं ठरवूनच गेले होते. खोकी भरली, टेप लावली, पडदे काढले. शेवटी ती म्हणाली, "माझ्यासाठी तेवढा प्रयत्न दुसऱ्या कोणी केला नसता. माझा भाऊ तर म्हणाला, जायचंच कशाला." मी म्हणाले, "त्यात काय." आणि गाडीत बसले.

आता ती चौऱ्याहत्तरची आहे. दर रविवारी फोन करते. तब्येत ठणठणीत आहे, रोज दोन मैल चालते. जीनचा नवरा अजूनही तिला, ये, जीनची कबर बघून जा, असं लिहितो. तो पासपोर्ट आजही निघू शकतो. जीनची सही आता मिळणार नाही, पण चर्चचा दाखला मिळेल, शाळेची नोंद मिळेल. मला कार्यपद्धत माहीत आहे. फक्त ती सांगायची म्हणजे तेव्हा का नाही सांगितली हे सांगावं लागेल, म्हणून मी सांगत नाही. सात वर्षांपूर्वी मी एकदा खोटं बोलले असं नाही. दर रविवारी बोलते.

हे मी मराठीत लिहिलंय. डार्लिनला मराठी येत नाही, आणि लिहायला बसताना मला ते ठाऊक होतं.