दोन डबे, दोन भाज्या

लातूरच्या मुलींच्या वसतिगृहात, खालच्या बैठकीत बसून, मी पाण्याचं जखमेवरचं औषध करून टाकलं.

दहावीतली आमची लेक तिथं राहून क्लास करते. सोमवारी टेस्ट होती आणि मार्क घसरले की खालची बॅच. "तसं झालं तर मी नांदेडला परत येणार," असं तिनं फोनवर सांगितलं, म्हणून रविवारी सकाळचीच एस.टी. धरली. शेवटी बारावी सायन्स आहे मी, काठावर पास का असेना!

हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी, हे समीकरण जुळवायचं होतं. डावीकडं ऑक्सिजन दोन, उजवीकडं एक. मी ऐटीत H₂O मधल्या O च्या पायाशी बारीक दोन लिहिला. झालं संतुलन!

"बाबा, हे पाणी न्हाई राहिलं. हे जखमेवर टाकतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड. आकडा पुढं लिहायचा असतो, आत न्हाई."

"मग लिही की."

तिनं लिहिला, 2H₂O. पण मोजताना तो दोन हायड्रोजनलाच लावला. ऑक्सिजन आपला एकच. तिचं घोडं इथंच अडत होतं. डोळे भरून आले.

तेवढ्यात मेसच्या काकू डबे घेऊन आल्या. मी पाहुणा म्हणून एक डबा मलाही. उघडला तर दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी.

"काकू, ह्यात अजून दोन पोळ्या टाका की."

"डब्यात बदल न्हाई, भाऊ. दोन पोळ्या, एक भाजी, ठरलेलं हाय. लई भूक असंल तर दोन डबे घ्या."

"घेतो. पण भाजी एकच बस."

"मग दुसऱ्या डब्यातली भाजी काय मी घरी नेऊ?"

लेक घास हातात धरून थांबली. "म्हणजे दोन डबे म्हटलं की भाजीपण दोन!" डाव्या हातानंच तिनं वही ओढली. हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन. मग डावीकडं H₂ च्या पुढं दोन. जमलं! त्याच झपाट्यात प्रोपेन जळतो ते लांबलचक समीकरणही सोडवलं. मी आपला दोन्ही भाज्या संपवत होतो.

बॅच टिकली. कळल्यावर मी घरात मिशीला पीळ देत हिंडू लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "आता दर रविवारी जात जा. शिकवायला न्हाई हो. बाप एवढा चुकतो म्हटल्यावर लेकराला धीर येतो."