बाबांच्या कानातली हाक

आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलं की थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची आणि जवळच्या झाडाखालच्या माणसानं ओ द्यायची. ओ आली नाही तर टोपली टाकून सगळ्यांनी धावायचं. आलापल्लीच्या जंगलाकडची ही रीत. त्या सकाळी आईच्या सगळ्यांत जवळ बाबा होते. तिनं हाक मारली. लांबच्या दोघी बायांनी ऐकली, बाबांनी नाही. बाया धावत पोचेपर्यंत वाघानं आई नेली होती.

आरामशीनवर सागाची लाकडं चिरता चिरता बाबांचे कान गेले होते. मला ते वर्षभर ठाऊक होतं. मी अहेरीत बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि आईनं विचारलं तेव्हा मीच म्हणाले होते, "वय झालं का होतेच." या वाक्याची मला आजही शिसारी येते.

आई गेल्यावर काही महिन्यांनी बाबांच्या कानात आवाज सुरू झाला. भर दुपारी ओसरीवरून उठून ते ओ द्यायचे. "तुही माय हाक मारून राह्यली," म्हणायचे. माझं शहाणपण उतू जात होतं. समोर बसून त्यांना ओरडून समजावलं, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडलेल्या असतात. पण सगळं त्या जोडण्यांवरच नसतं. कानाकडून काही येईनासं झालं की पेशी आतून स्वतःच बदलते, हळवी होते. मग कुणी बोललं नाही तरी बोलल्यासारखं वाटतं. आवाज बाहेर नाही बाबा, पेशीचाच आहे.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग तवा काऊन नाई झाली थे हळवी? तवा तं तिनं खरंच हाक मारली होती."

मला उत्तर येत होतं. पेशी कितीही हळवी झाली तरी कानातून न शिरलेली हाक तिला ऐकता येत नाही. ते मी गिळलं आणि म्हणाले, "तिनं हाक मारलीच नाई, बाबा."

"का म्हणतं?"

"मारलीच नाई!" इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाया दारात आल्या. त्याच दोघी. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी बाबांच्या कानाशी वाकली.

"नाई मारली हो भाऊ," ती म्हणाली. "भास आमाले झाला होता."